पान्हा फुटेल तिथं घर

"ह्यात माझ्या म्हशी कुठं हाईत, तेवढं दाव," मी म्हणाले.

विलासनं, माझ्या लेकानं, बिल्डरचा नकाशा जमिनीवर अंथरला होता आणि तो उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या होत्या. बोट फिरवून तो मला तिसऱ्या मजल्यावरची जागा समजावून सांगत होता. ही बैठकीची खोली, हे स्वयंपाकघर, ही गॅलरी.

"आई, फ्लॅटमधी म्हशी नसत्यात."

"मग माणसांनी तरी कशाला ऱ्हायचं?"

भिंतीला टेकून माझा धाकटा दीर श्रीपती बसला होता. हा फ्लॅट आमच्या गळ्यात घालायची घाई बिल्डरपेक्षा त्यालाच जास्त. तो हसला. "वैनी, गॅलरीत बांधा की एक. खालनं गिऱ्हाईक हाक मारंल, तुम्ही वरनं धार सोडा."

"गॅलरीत तुम्हालाच बांधते, भावजी. खाता म्हशीएवढंच, आन् दूध मातूर देत न्हाईसा."

कोपऱ्यात तांदूळ निवडत बसलेली माझी सून शैला खाली मान घालून हसली. हसली म्हणजे खांदे हलले. आवाज काढायची रीत तिच्यात नव्हतीच.

ही गोष्ट कोल्हापूरची. साल सत्त्याऐंशी, दिवाळी होऊन महिना झाला होता. पेठेत आमच्या दोन खोल्या आणि मागं गोठा, सगळं भाड्याचं. माझ्या सासऱ्यांपासून तिथंच. आता घरमालकानं जागा बिल्डरला विकली होती. बिल्डरचं म्हणणं सरळ होतं. इथं इमारत उभी राहील, तीत फ्लॅट घ्या, नाहीतर रोख घ्या आणि जागा सोडा. सोमवारी सकाळी त्याचा माणूस कागद घेऊन येणार होता. भाडेपट्टा माझ्या नावावर, म्हणून सही माझी लागणार होती. नाहीतर मला विचारलं कुणी असतं?

मी शाळा तिसरीपर्यंत शिकलेली. पण माझ्या मनात एक जागा होती. रंकाळ्याच्या पल्याड, फुलेवाडीच्याही थोडं पुढं, चौगुल्यांची तीन गुंठे जागा. विटांच्या दोन खोल्या, वर पत्रा, एक विहीर, एक आंबा. बिल्डर देईल त्या रकमेत ती बसत होती. तेव्हा तिकडं वस्ती म्हणजे इथं एक घर आणि तिथं एक. लोक म्हणायचे, तिकडं राहायला गेलेला माणूस पेठेत पाहुण्यासारखा येतो.

"आई, तिकडं जाऊन करायचं काय?" विलास म्हणाला. "दूध कुणाला घालणार? उसाला?"

"जिथं माणूस हाय तिथं दूध पितंयच."

"आन् म्हशींचं काय?" श्रीपतीनं पाय पसरले. "वैनी, तुम्ही गवळ्याची सून. तुम्हाला म्या सांगायला पायजे व्हय? म्हैस जागा सोडली की आटली. माझ्या दोन्ही म्हशी माळावर न्हेल्या, आठ दिवसांत सुक्या खडखडीत. इकाव्या लागल्या. म्या फ्लॅटात उगाच न्हाई गेलो."

हे खोटं नव्हतं. त्याच्या म्हशी आटल्या होत्या, हे सगळ्या गल्लीनं बघितलं होतं. आणि आता माझ्या तिघींसाठी सांगलीकडचं एक गिऱ्हाईकही त्यानंच बघून ठेवलं होतं.

"शैलालाबी फ्लॅटच पायजे," विलास म्हणाला.

"तिला तोंड न्हाई व्हय? काय गं?"

शैलानं सुपातनं मान वर केली. "तुम्ही म्हणशीला तसं, आत्याबाई."

आठ वर्षं ती हेच म्हणत आली होती, आणि आठ वर्षं मला हे उत्तर फार आवडत आलं होतं.

मी वाट्या उचलल्या. नकाशा आपोआप गुंडाळला गेला.

"ऐका," मी म्हणाले. "उद्या रविवार. सांजच्याला म्हशी चौगुल्याच्या जागेत न्हेते. तिथं धार काढते. चंद्रीनं पान्हा सोडला तर घर तिथं. न्हाई सोडला तर सोमवारी तुझ्या कागदावर सही करते, आन् म्हशी भावजींच्या सांगलीवाल्याला. पुन्हा तोंडातनं शब्द काढणार न्हाई."

"शब्द काढणार न्हाई?" श्रीपती म्हणाला. "वैनी, ही पैज म्या हरलो तरी चालंल, पन ते बगायला मिळू दे."

चंद्री म्हणजे आमची पुढारी. बाकीच्या दोघी, लाडी आणि गौळण, तिच्या शेपटीमागं जायच्या. दिवाळीत आम्ही गवळी म्हशी धुतो, शिंगं रंगवतो, गळ्यात कवड्यांच्या माळा घालतो आणि मिरवत नेतो. पोरं मोटारसायकलीची पुंगळी काढून, कानठळ्या बसतील असा आवाज करत पुढं जातात आणि म्हैस धन्याच्या गाडीमागं पळते. बाहेरगावची माणसं ते बघून घाबरतात. चंद्री तीन वर्षं सगळ्यांच्या पुढं होती. चौथ्या वेताची, काळीभोर, आणि माझ्यासारखीच कुणाचं न ऐकणारी.

तिची धार कट्ट्यावरच निघायची. कट्टा म्हणजे चौकातली ठरलेली जागा. संध्याकाळी गवळी आपापल्या म्हशी तिथं उभ्या करतात, गिऱ्हाईक समोर थांबतं, आणि त्याच्या डोळ्यांदेखत धार काढून पेला त्याच्या हातात द्यायचा. फेस मिशीला लागला पाहिजे. दुधात पाणी घातलंय म्हणायची सोयच नाही.

आमचे हे गेले तेव्हा विलास अकरावीत होता. दिवस उरकले त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी मी पदर खोचून बादली घेतली आणि कट्ट्यावर गेले. कट्ट्यावर बाई नव्हती कधी. एक पैलवान म्हणाला, "आक्का, बाईमाणसाच्या हाताला ताकद कुठनं येणार?" मी म्हणाले, "पेला धर. संपला की सांग." तीन पेले प्याला आणि दुसऱ्या दिवशी तालमीतली सहा पोरं घेऊन आला. तेव्हापासून माझ्याभोवती रोज कालवा. कुणी निवडणुकीवर भांडायचं, कुणी कुस्तीवर. पेले आपटायचे, स्कूटरी वाजायच्या आणि सगळ्यांवर माझं तोंड. उधारी ठेवणाऱ्याला मी त्याच्या सासरच्यांसकट उद्धरायची. लोक म्हणायचे, बनाक्काचं दूध गोड आणि तोंड तिखट, पोटात गेल्यावर बरोबर होतं.

रविवारी तीनच्या सुमाराला म्हशी सोडल्या. गल्लीतली माणसं ओट्यांवर येऊन उभी राहिली.

"बनाक्का, निघालीस व्हय वनवासाला?"

"व्हय. तू मागं कैकेयी म्हणून ऱ्हा."

रंकाळ्याच्या कडेनं चाललो. पुढं मी आणि चंद्री, तिच्या मागं लाडी आणि गौळण. त्यांच्या मागं श्रीपती, आज त्यानं मुद्दाम इस्त्रीचा सदरा घातला होता. विलास आणि शैला मोटारसायकलवर पुढं गेले होते. नात रेश्मा चार दिवस आजोळी गेली होती, ते बरंच झालं. चंद्री तासभर चालली, पण कुठं अडली नाही. चौगुल्यांच्या जागेत शिरली, विहिरीच्या हौदाला तोंड लावून पोटभर पाणी प्याली आणि आंब्याखाली जाऊन उभी राहिली. जशी तिथलीच.

"बगितलासा?" मी श्रीपतीला म्हणाले.

"पानी तर कुनीबी पितंय. म्या दूध बगायला आलोय."

जागेचे मालक गणपतराव चौगुले पटका सावरत आले. भला माणूस, आवाज खर्जातला. त्यांनी खुंटा ठोकून दिला. शैलानं तीन दगडांवर पाणी तापवलं. मी चंद्रीची कास कोमट पाण्यानं धुतली, हाताला लोण्याचा बोळा फिरवला, पुढ्यात सरकी पेंडीचं अंबोण ठेवलं. तिचं रेडकू दोन महिन्यांपूर्वीच गेलं होतं, त्यामुळं पान्हा सगळा सवयीवर आणि माझ्या हातावर. बादली गुडघ्यांत धरली आणि सडांना हात घातला.

काही नाही.

नुसतं कातडं. कास दगडासारखी भरलेली आणि सडांत थेंब नाही.

"बुजलीय," मी म्हणाले. "नवी जागा हाय. गप बसा समदी. कुनी हालू नका."

कुठलाही गवळी हेच सांगेल. बुजलेल्या जनावरापुढं आवाज करायचा नाही, हे आमच्यात पोर चालायच्या आधी शिकतं. सगळे गप्प बसले. चौगुल्यांनी विडी विझवली. शैला चुलीपाशी अंग चोरून बसली. एवढं शांत झालं, की लांब उसाच्या पानांची सळसळ ऐकू येत होती. एक टिटवी ओरडून गेली. मी कास चोळली, पाठ थोपटली, कानात हळू बोलले. अंबोण खाऊन संपलं. चंद्री रवंथ करत उभी राहिली, तोंड वळवून एकदा माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा समोर बघायला लागली.

पाच वाजले. साडेपाच होत आले. माझ्या मांड्या भरून आल्या. उद्या सकाळी सही, दुपारपर्यंत दावं सांगलीवाल्याच्या हातात. चंद्रीच्या पोटाला डोकं टेकून मी हे सगळं डोळ्यांसमोर बघत होते. लाडी नि गौळण आंब्याखाली उभ्या होत्या. पुढारी पान्हवली नाही तर त्या पान्हवणार नव्हत्याच.

"वैनी," श्रीपती अगदी हळू आवाजात म्हणाला, "चंद्री तुमच्यापरास शहाणी. तिला शहर सोडायचं न्हाई. उठा आता. उजेड हाय तवर परत जाऊ."

तो 'शहाणी' म्हणाला, आणि माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं.

"शहाणपन तुम्ही शिकवताय?" मी बसल्या जागेवरनं ओरडले. "तुम्ही? बापाच्या दोन म्हशी आटवून फ्लॅटात जाऊन बसलासा! तिथं तुमची बायको वाळत घातलेलं लुगडंसुद्धा सोसायटीला इचारून काढती! शेजारी कोन ऱ्हातंय त्येचं नाव तरी ठावं हाय का तुम्हाला?"

"वैनी, तोंड आवरा!" तोही उठला. "जागा वाईट हाय ती तुमची, आन् राग माझ्यावर व्हय?"

"जागेला वाईट म्हणाल तर बादली डोक्यात घालीन!"

"आई, पुरे!" विलास मध्ये आला. "चौगुल्यांसमोर तमाशा नको. पैज तू लावलीस, तू हरलीस. शैलानं काल रातभर..."

"शैलानं काय?" मी मान वळवली. ती चुलीपाशी तशीच बसली होती, गुडघ्यांभोवती हात घालून. तिच्या त्या गप्प बसण्याचा मला त्या दिवशी पहिल्यांदा संताप आला. "हिचंच समदं हाय. मुकी बसून नवऱ्याचे कान भरायचे. बाईसायबांना गॅलरीत बसून रस्ता बघायचाय. शेणात हात घालायची लाज वाटती!"

शैला उठली.

"लाज?" ती म्हणाली. तिचा आवाज एवढा मोठा आहे, हे मला माहीतच नव्हतं. "शेणाची लाज? आठ वर्षं कोण काढतंय शेण? तुम्ही धारा काढता, गल्ली तुमचं नाव घेती. शेण कोण काढतंय, आत्याबाई? तीन म्हशींचं, दोन्ही वेळा, बाळंतपणाच्या आदल्या दिवसापर्यंत!"

"शैला..." विलास म्हणाला.

"तुम्ही मधी बोलू नका! मला गॅलरी नको. मला बैठकीची खोलीबी नको. त्या नकाशात एका कोपऱ्यात बारका चौकोन हाय. त्याला आतनं कडी हाय. तेवढाच पायजे मला!"

मला काही कळेना. "कसला चौकोन?"

"संडास!" ती ओरडली. उसापर्यंत गेला असेल तो आवाज. "आठ वर्षं पहाटे चारला डबडं घेऊन गल्लीच्या टोकाला जाते मी. रांगेत उभी ऱ्हाते. रेश्माच्या वेळी नववा महिना, पाय घसरला, घरात आले तर तुम्ही म्हणालात, बघून चालावं! दिवसा मी पाणी पीत नाही, माहीत हाय तुम्हाला? माहेरी गेले की दोन तांबे पिते, आईला वाटतं सासरी पाणीबी देत न्हाईत!"

माझे हात अजून सडांवरच होते, आणि त्याच वेळी मला ते जाणवलं. आधी बोटांना ऊब आली. मग सड एकदम ताठ झाले, भरले. मी न ओढताच एक धार बादलीत पडली. तळावर वाजली.

सगळ्यांनी ऐकलं. शैला बोलता बोलता थांबली. श्रीपती थांबला. पुन्हा उसाची सळसळ ऐकू यायला लागली.

आणि सड पुन्हा ढिले पडायला लागले.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ही कट्ट्यावरची म्हैस. हिनं आयुष्यात एक धार शांततेत दिली नव्हती. कालवा झाला, भांडणं झाली, बनाक्काचं तोंड सुटलं की हिला कळायचं, आता दूध सोडायचं. आणि मी तासभर सगळ्यांना गप्प बसवून ठेवलं होतं.

"बोल!" मी शैलावर ओरडले. "थांबू नको! बोल!"

"आँ?"

"शिव्या दे मला! पन मोठ्यानं!"

विलासला वाटलं, आईच्या डोक्यावर परिणाम झाला. तो माझ्याकडं धावत यायला लागला. "तिथंच थांब आन् तूबी ओरड!" मी म्हणाले. शैलाला मात्र कळलं. तिनं बादलीकडं बघितलं, चंद्रीच्या कानांकडं बघितलं. मग पदर खोचला आणि दोन पावलं पुढं आली.

"सणाला साडी आणता ती तुमच्या आवडीची! मी हिरवी मागितली की म्हणता, हिरवं तुझ्या अंगाला शोभत न्हाई!"

"न्हाईच शोभत!" मी ओरडले. दोन्ही हातांनी धारा सुरू झाल्या होत्या. बादलीतला आवाज बदलला होता, दुधावर दूध पडलं की येतो तसा.

"रेश्माचं नाव मी ठेवायचं होतं!"

"मग सांगितलं का न्हाईस?"

"इचारलं कवा तुम्ही?"

मी बादली गुडघ्यांत घट्ट धरली. उठून जाताही येत नव्हतं. म्हैस पान्हवली की धार सोडून उठायचं नसतं, नाहीतर ती पुन्हा हातात येत नाही. आठ वर्षांचं सगळं मी तिथं बसून, म्हशीच्या पोटाला डोकं लावून ऐकलं. दुसरी कुठली सासू ऐकती? काही बोलणी मला लागली. काहींना मी उत्तरं दिली, ती तिला लागली. विलासनं दोनदा तोंड घातलं, दोन्ही वेळा दोघींकडनं खाल्लं. शेवटी शैला त्याला म्हणाली, "तुम्ही गप्प बसा." मी म्हणाले, "न्हाई, त्येलाबी ओरडू दे. अजून अर्धी कास शिल्लक हाय."

बादली भरत आली होती. फेस काठावर आला होता.

"चौगुले!" मी हाक मारली. "हितं संडास कुठं हाय?"

चौगुले आंब्याआड जाऊन उभे राहिले होते. "संडास?" ते म्हणाले. "एवढं रान हाय की, आक्का."

"रान तुमचं तुम्हाला. माझी सून रानात जाणार न्हाई. हितला पयला खड्डा संडासाचा. गोठा मागनं. तवर म्हशी आंब्याखाली ऱ्हातील."

शैला एकदम शांत झाली. मग तिला आठवलं आणि ती पुन्हा मोठ्यानं म्हणाली, "आतनं कडी?"

"आतनं कडी! आन् वर बल्ब!"

तो संडास वीस दिवसांत उभा राहिला. कडी मी स्वतः बाजारातनं आणली, पितळी. दुकानदार म्हणाला, संडासाला लोखंडी चालती आक्का. मी म्हणाले, तुझ्या घरात चालत असंल.

पण त्या संध्याकाळी मी बादली बाजूला ठेवली आणि गुडघ्यांवर हात देत उठले. श्रीपती बादलीपाशी आला. वाकून बघितलं. इस्त्रीच्या सदऱ्याला फेस लागला, त्याचं त्याला भान नव्हतं.

"आमी गप बसलो व्हतो, वैनी," तो म्हणाला.

"काय?"

"माझ्या दोघी. माळावर न्हेल्या तवा. बुजल्यात म्हणून आठ दिस घरात कुजबुजत बोललो. पोरास्नी रेडिओ लावू दिला न्हाई." त्यानं तोंड पुसलं. "जागा वाईट नव्हती ती."

 मी लाडीचं दावं त्याच्या हातात दिलं. तो गवळ्याचा पोर, धार काढायला विसरला नव्हता. खाली बसला आणि बसता बसता चौगुल्यांना म्हणाला, "गणपतराव, जरा मोठ्यानं बोला की काहीतरी." चौगुले बिचारे उसाच्या बिलावर आपल्या खर्जातल्या आवाजात भाषण करायला लागले.

तेवढ्यात कुंपणापाशी माणसं दिसली.

आधी एक बाई. हाताला कणीक, एका हातात लाटणं तसंच. तिच्यामागं बनियनवरचे एक म्हातारे मास्तर. मग पल्याडच्या बंगलीतला नवरा-बायकोचा जोडा. मग आणखी दोन बाया, कडेवर पोर. इथं एक आणि तिथं एक म्हणता म्हणता दहा-बारा माणसं जमली. त्या माळावर एवढी माणसं राहतात, हे चौगुल्यांनाही ठाऊक नसावं.

"काय झालं?" लाटणंवाली बाई म्हणाली. "लई आवाज येत होता. मारामारी लागलीय व्हय?"

"लागली व्हती," मी म्हणाले. "संपली."

"कशावरनं?"

"संडासावरनं."

तिनं शैलाकडं बघितलं आणि मान हलवली, जसं काही हे सगळ्यांच्याच घरात असतं. मग तिची नजर बादलीवर गेली. "म्हशीचं हाय?"

"व्हय. आत्ताच काढलंय."

मास्तर पुढं आले. चष्मा वर करून फेस बघितला. "आमच्याकडं सायकलवाला घालतो दूध," ते म्हणाले. "निळसर असतं. मला वाटायचं आता दूधच असं येतं."

मी पेला भरला आणि त्यांच्या हातात दिला. ते उभ्यानं प्याले. संपल्यावर पेला उलटा करून बघितला. घराकडं वळले आणि पाच मिनिटांत पातेलं घेऊन आले. त्यांना पातेलं आणताना बघून त्या दोन बायाही भांडी आणायला घरी गेल्या. विलास कुंपणापाशी उभा राहून मोजत होता, किती घरांतनं माणसं बाहेर येतायत ते. त्याच्या ओठांची हालचाल मला लांबनं दिसत होती. सातवर गेल्यावर त्यानं खिशातनं बिल्डरचा नकाशा काढला, चौघडी घातली आणि ज्या खिशात आपण लगेच लागणार नाहीत ते कागद ठेवतो, त्या मागच्या खिशात ठेवला.

चंद्रीचं संपलं, लाडीचं संपलं, गौळणीची बादली अर्धी गेली. श्रीपती पेले विसळत होता. लोक पातेली सांभाळत कुंपणाबाहेर जायला लागले. लाटणंवाली बाई सगळ्यात शेवटी निघाली. चार पावलं गेली आणि परत फिरली.

"उद्याबी हाय का?" तिनं विचारलं. "किती वाजता यायचं?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. विलास, श्रीपती, चौगुले. मी तोंड उघडलं.

"पाचाला या," शैला म्हणाली. "भांडं आपलं आणा."

आणि मी उघडलेलं तोंड, जन्मात पहिल्यांदा, तसंच मिटलं.